इलेक्ट्रॉनिक मॅग्निफायर घ्यायचाय? मग ‘किती एक्स?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा

चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय, औषधं वेळेवर चालू आहेत. तरी पेपर वाचता येत नाही. "आता नंबर बदलून फरक पडणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना वाटतं, विषय संपला. मग गोळ्यांच्या स्ट्रिपवरची तारीख नातू वाचतो, पासबुक मुलगा बघतो आणि आजोबांचा पेपर बंद होतो.

पण चष्म्याचं काम जिथे संपतं, तिथे इलेक्ट्रॉनिक मॅग्निफायर उपयोगी पडू शकतो. अडचण एवढीच की हे साधन बऱ्याचदा जाहिरातीतला मोठा आकडा बघून ऑनलाइन मागवलं जातं आणि थोड्याच दिवसांत कपाटात जातं. असं का होतं? आणि योग्य मॅग्निफायर निवडायचा कसा?

लो व्हिजन म्हणजे नेमकं काय?

लो व्हिजन म्हणजे पूर्ण अंधत्व नाही. चष्मा आणि उपचारांनंतरही नजर कमीच राहते, पण जी उरते ती वापरता येते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा जास्त नसेल आणि ३/६० पर्यंत असेल, तर ती लो व्हिजन मानली जाते. ६/१८ याचा अर्थ, निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर या व्यक्तीला ६ मीटरवर येऊन बघावं लागतं. नजरेचा घेर खूप आक्रसला असेल तर तोही याच व्याख्येत येतो.

वाढत्या वयात पडद्याचा मध्यभाग झिजणं, मधुमेहामुळे पडदा खराब होणं, काचबिंदू आणि काही आनुवंशिक आजार ही यामागची प्रमुख कारणं आहेत.

भिंगापेक्षा यात वेगळं काय?

इलेक्ट्रॉनिक मॅग्निफायरमध्ये एक कॅमेरा आणि एक स्क्रीन असते. कॅमेऱ्याखाली कागद ठेवला की अक्षरं स्क्रीनवर मोठी दिसतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधले गणितज्ञ सॅम्युएल जेनेन्स्की यांची स्वतःची नजर लहानपणापासून अधू होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसोबत क्लोज्ड सर्किट टीव्ही वापरून वाचनाचं यंत्र तयार केलं. म्हणूनच टेबलावरच्या मोठ्या मॅग्निफायरला आजही अनेक जण ‘सीसीटीव्ही’ म्हणतात.

साधं भिंग जितकं ताकदीचं, तितकं ते लहान असतं आणि कागदाच्या तितकंच जवळ धरावं लागतं. स्क्रीनचं तसं नाही. दोन्ही डोळ्यांनी, ताठ बसून वाचता येतं. शिवाय भिंगाला न जमणाऱ्या दोन गोष्टी ती करते. एक म्हणजे रंग उलटे करणं, जसं काळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं. पांढऱ्या कागदाची चमक सहन न होणाऱ्यांना याचा मोठा आधार वाटतो. दुसरं म्हणजे चित्र ‘फ्रीज’ करणं. भिंतीवरच्या मीटरचं रीडिंग टिपायचं आणि मग स्क्रीन डोळ्यांजवळ आणून निवांत वाचायचं.

मोठा आकडा म्हणजे चांगलं मशिन?

नाही. खरी गफलत इथेच होते.

स्क्रीनची रुंदी ठरलेली असते. अक्षर दुप्पट मोठं केलं की ओळीचा दिसणारा भाग निम्मा होतो. हातात धरायच्या ५ इंची मॅग्निफायरची स्क्रीन साधारण ११ सेंटिमीटर रुंद असते. ४ एक्सवर त्यात छापील ओळीचा पावणेतीन सेंटिमीटर भाग दिसतो, तर ८ एक्सवर जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणजे एखादाच छोटा शब्द. पुढचा शब्द येईपर्यंत मागचा निसटतो आणि वाचणारा कंटाळतो.

तेच ८ एक्स २४ इंची स्क्रीनवर ठेवले तर सुमारे साडेसहा सेंटिमीटर ओळ दिसते. पेपरचा एक कॉलम त्यात बसतो.

त्यामुळे नियम सोपा आहे. ज्या सर्वांत कमी आकड्यावर आरामात वाचता येतं, तोच आपला आकडा. ‘आरामात’ हा शब्द महत्त्वाचा, कारण कसंबसं ओळखू येणाऱ्या अक्षरात सलग वाचन होत नाही, त्याहून थोडं मोठंच अक्षर लागतं. आणखी एक गोष्ट फुकट करता येते. स्क्रीनपासूनचं अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठं वाटतं, आकडा न वाढवता.

आधी काम ठरवा, मग मशिन

• लांब वाचन, बँकेचे कागद, पत्ता लिहिणं: टेबलावरचा मोठा मॅग्निफायर. स्क्रीनखाली हात मोकळा राहतो, त्यामुळे लिहिताही येतं. जागा आणि पैसे मात्र जास्त लागतात.

• दुकानातली किंमत, गोळ्यांची स्ट्रिप, लाइट बिल: हातात धरायचा मॅग्निफायर. पिशवीत मावतो, पण कादंबरी वाचायला दमछाक होते.

• अधूनमधून लागणारी मदत: खिशातला फोन. आयफोनमध्ये मॅग्निफायर नावाचं ॲप असतंच. अँड्रॉइडवर फोटो काढून तो मोठा करता येतो. फोन हातात हलतो, म्हणून साधा स्टँड लावला तर फरक पडतो.

• डोक्यावर घालायची उपकरणं: लांबचा फळा किंवा टीव्ही बघायला काहींना उपयोगी. पण ती घालून चालण्याआधी प्रशिक्षण हवं, कारण बाजूचं दिसणं कमी होतं.

आजारानुसारही निवड बदलते. पडद्याचा मध्यभाग गेला असेल तर अक्षर मोठं केल्याने फायदा होतो आणि थोडं बाजूला बघून वाचण्याची सवय शिकवली जाते. वाढलेल्या काचबिंदूत नजरेचा घेर बोगद्यासारखा झाला असेल, तर फार मोठं अक्षर त्या घेरात मावतच नाही. अशांना जास्त एक्सपेक्षा चांगला प्रकाश आणि ठळक रंगफरक हवा असतो.

विकत घेण्याआधी काय तपासायचं?

दुकानातल्या नमुन्याच्या कागदावर विसंबू नका. घरचं पासबुक, औषधाची स्ट्रिप आणि मराठी पेपर सोबत न्या. देवनागरीची कसोटी वेगळी असते. शिरोरेखेच्या वर अनुस्वार, वेलांटी आणि रफार, तर खाली उकार. हे सगळं स्क्रीनच्या उंचीत एकाच वेळी दिसायला हवं. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कळतात का, हेही बघा.

मग कागद हळूहळू सरकवा. अक्षरांच्या मागे सावली ओढल्यासारखी दिसत असेल तर वाचताना डोकं गरगरू शकतं. बटणं हाताला चाचपून ओळखता येतात का आणि हात थरथरणाऱ्या व्यक्तीला ती दाबता येतात का, हे वापरणाऱ्यानेच तपासायचं. मुलाने किंवा सुनेने नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी पेपर वाचायला बसवू नका. मोठ्या ठळक मथळ्यांपासून सुरुवात करा, दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं. ओळ संपली की त्याच ओळीवरून मागे यायचं आणि मग खाली उतरायचं. असं केलं की पुढची ओळ हरवत नाही. "जास्त वाचलं तर उरलेली नजर जाईल," ही भीती अनेक घरांत असते. उरलेली नजर वाचनासाठी वापरल्याने डोळा खराब होत नाही. थकवा येतो, तेव्हा थांबायचं. मात्र नजर अचानक कमी झाली किंवा सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर मॅग्निफायर बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठायचं.

मदत कुठे मिळते?

मोठ्या नेत्र रुग्णालयांत लो व्हिजनचा वेगळा विभाग असतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात तो आहे. डॉक्टरांना थेट विचारा, "लो व्हिजनची तपासणी कुठे होईल?" ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत सहायक साधनांसाठी मदत मिळू शकते. आपल्याला हवं ते साधन त्यात बसतं का, याची चौकशी खरेदीआधीच करावी.

आणि पैसे खर्च करण्यापूर्वी दोन आठवडे फोनचाच कॅमेरा वापरून बघा. काय वाचायचं असतं, किती मोठं लागतं आणि कोणते रंग बरे वाटतात, हे तिथेच कळतं. तेवढी यादी हातात असली की जाहिरातीतला आकडा भुलवत नाही.