लाजेपोटी थांबलेले चालणे

गेल्या पावसाळ्यात पंचेचाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. तक्रार नेहमीचीच. वजन वाढले आहे, गुडघे दुखतात. "रोज अर्धा तास चालत जा," असे मी सांगताच त्या गप्प झाल्या. सोबतची मुलगी बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, आधी रोज जात होते हो. पण भरभर चाललं, खोकला आला, की लघवी सुटते. साडी ओली होते. म्हणून सोडलं." त्यांनी भजनी मंडळही सोडले होते. एस.टी.चा प्रवास असला तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसत. हे किती दिवस? तर धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे तब्बल १८ वर्षे!

मला त्यांचे नवल वाटले नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर मलाही हेच झाले होते. स्वतः डॉक्टर असून मी कोणाजवळ बोलले नाही. मुलीबरोबर दोरीवरच्या उड्या मारायला गेले आणि दुसऱ्याच उडीला घरात पळाले, तेव्हा कुठे डोळे उघडले. मैत्रिणींनो, अनेकींचा व्यायाम आळसामुळे नव्हे, तर या लाजेमुळे बंद पडतो. म्हणून आज त्याविषयी.

हे का होते?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार असतो. गरोदरपणात बाळाचे ओझे ही झोळी पेलते आणि बाळंतपणात ती खूप ताणली जाते. सिझेरियन झालेल्यांनाही हा त्रास होऊ शकतो, कारण ओझे तर त्यांनीही वाहिलेले असते. पुढे साधारण ४५ ते ५० च्या दरम्यान पाळी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि तेथील अस्तर पातळ होते. वाढते वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांची त्यात भर पडते. मग शिंकताना, हसताना, हंडा उचलताना पोटातला दाब वाढला की लघवी सुटते.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोट बांधणे सारे होते. पट्ट्याने कमरेला आधार वाटतो, पण त्याने स्नायूंना बळ येत नाही. "दिवसभर घरात राबतेच की," असेही आपण म्हणतो. पण त्या राबण्यात या स्नायूंना व्यायाम होतोच असे नाही. जड ओझ्याने उलट त्यांच्यावर ताणच पडतो.

व्यायाम कसा करावा?

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला. आपल्या योगातील मूळबंधाशी त्याचे जवळचे नाते आहे. खर्च काहीच नाही.

१) आडवे पडून गुडघे दुमडा. वायू सरू नये म्हणून आणि लघवी थोपवण्यासाठी आपण जसे आवळतो, तसे दोन्ही एकदम आवळून वर ओढा. पोट, मांड्या, नितंब सैल असू द्या. श्वास रोखू नका.
२) ५ अंक मोजेपर्यंत धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. हळूहळू १० अंकांपर्यंत जा.
३) असे ८ ते १० वेळा, दिवसातून ३ वेळा. सवय झाली की भाजी निवडताना, बसमध्ये बसल्या बसल्याही करता येते.
४) खोकला किंवा शिंक येणार असे वाटले, काही उचलायचे असले, की आधी आवळा.

लघवी करता करता मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. बाळंतपण सुरळीत झाले असेल तर दुखणार नाही इतपत हलकेच लवकर सुरू करता येतो. टाके असल्यास डॉक्टरांना विचारा. धावणे, उड्या मारणे मात्र निदान ३ महिने नको.

फरक दिसायला ३ महिने लागतात. आठवड्यात कंटाळून सोडू नका. स्थूल स्त्रीचे वजन शेकडा ५ ते १० इतके उतरले तरी लघवी सुटणे कमी होते. पाणी तोडू नका. त्याने बद्धकोष्ठ वाढते, लघवीला जळजळ होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लघवीत रक्त किंवा जळजळ, वारंवार लघवी, 'अंग बाहेर येते' असे वाटणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, किंवा ३ महिने व्यायाम करूनही गुण नसणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्या. वारंवार लघवीमागे मधुमेहही असू शकतो. यावर उपचार आहेत.

त्या बाई चार महिन्यांनी आल्या. गुडघे अजून कुरकुरतात, वजन थोडेच उतरले आहे. पण सकाळचे चालणे पुन्हा सुरू आहे, भजनही. जाताना म्हणाल्या, "बाई, हे १८ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!" तुमच्या घरातल्या सुनेला, लेकीला, जावेला आणि सासूबाईंनाही हे आजच सांगा.