मोटारीचा वेग आणि दात्यांचें गणित

चिपळुणाहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता अलोरे व पोफळी या गांवांचा परिसर मागें टाकून कुंभार्ली घाटाला भिडतो. भरलेली मालमोटार तो घाट चढूं लागली म्हणजे एंजिनाचा आवाज वाढतो. चाकें मात्र मंद फिरतात. हा मंदपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. वेग देऊन तिनें जोर विकत घेतलेला असतो. हा सौदा कोणत्या भावानें करावा, हाच आजचा विषय आहे. मात्र उदाहरण घाटाचें न घेतां शर्यतीचें घेऊं. एंजिनांत सुधारणा केलेली मोटार उभ्या जागेवरून निघून पाव मैलाचें, म्हणजे सुमारें ४०२ मीटरचें, सरळ व सपाट अंतर कमींत कमी वेळांत तोडते, ती ही ‘ड्रॅग’ शर्यत. पुणें जिल्ह्यांत अ‍ॅम्बी व्हॅली येथील विमानांच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

एंजिनाचे फेरे चाकापर्यंत जातांना दोन ठिकाणीं कमी होतात: प्रथम गिअरच्या पेटींत आणि नंतर मागील आंसावरील डिफरन्शियलमध्यें. तेथें एक लहान पिनियन मोठ्या दांतेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवितें. पिनियनचे दाते १० व क्राउनचे ४१ असले, तर प्रमाण ४.१ झालें. आंकडा वाढला कीं चाकावरील जोर वाढतो आणि त्याच हिशोबानें वेग घटतो. शक्ति मात्र तिळभरही वाढत नाहीं.

याचा दाखला अलोऱ्याच्या परिसरांतच आहे. कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत उतरून पेल्टन चाकें फिरवितें. तेंच पाणी पुढें कोळकेवाडीच्या धरणांत अडतें आणि अलोऱ्याला फ्रान्सिस जातीचीं चाकें फिरवितें. पाणी एकच, पण पडण्याची उंची निराळी, म्हणून चाकही निराळें. योजकानें आधीं उंची मोजली आणि मग चाक निवडलें. मोटारीच्या बाबतींत तरुण मंडळी नेमकें उलट करतात. आंकडा मोठा तितकी गाडी चपळ, असें ऐकून ते दाते आधीं विकत आणतात आणि मोजमाप मागाहून करतात.

खरा हिशोब अंतिम रेषेपासून मागें यावयाचा असतो. समजा, आपली मोटार ती रेषा ताशीं १५० किलोमीटर वेगानें ओलांडते. म्हणजे मिनिटाला २५०० मीटर. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर चाकाचे मिनिटाला १२५० फेरे झाले. जोरांत फिरणारें चाक थोडें घसरतें. त्यासाठीं शेंकडा ५ वाढविले कीं सुमारें १३१२ फेरे होतात. रेषेवर गाडी चौथ्या गिअरमध्यें असून त्याचें प्रमाण १.२ आहे असें मानूं. तेव्हां पिनियनचे फेरे सुमारें १५७५ भरतील. एंजिनाची सर्वांत अधिक शक्ति ६००० फेऱ्यांवर मिळत असेल, तर ६००० ला १५७५ नें भागावें, उत्तर ३.८ येतें. रेषा ओलांडतांना एंजिन त्या बिंदूच्या किंचित् पुढें असणें हितावह, म्हणून ११ व ४३ दात्यांची, म्हणजे ३.९ प्रमाणाची जोडी योग्य ठरेल.

याच गाडीला ३.२ ची जोडी लावली, तर रेषेवर एंजिन सुमारें ५००० फेऱ्यांवरच रेंगाळेल. उलट ४.७ ची लावली, तर ७४०० फेरे लागतील. एंजिनाची मर्यादा ६५०० असेल, तर रेषा समोर दिसत असतांना आणखी एक गिअर बदलावा लागेल आणि मिळविलेला वेळ तेथेंच जाईल.

आतां सुरुवातीकडे पाहूं. एंजिनाचा पीळ २० किलोग्रॅम-मीटर, पहिल्या गिअरचें प्रमाण ३.५ आणि मागील प्रमाण ३.९ धरलें, तर चाकाच्या कडेशीं सुमारें ८५० किलोग्रॅमचा जोर येतो. दात्यांच्या घर्षणांत दहावा हिस्सा गेला तरी ७५० हून अधिक उरतो. मागील चाकांवर भार मात्र ७०० किलोग्रॅम आहे असें समजा. सडकेवरचा साधा टायर आपल्यावरील भारापेक्षां अधिक जोर जमिनीला सहसा देऊं शकत नाहीं. म्हणजे ३.९ च्या जोडीनेंच चाकें घसरूं लागतात, ४.७ ची जोडी तेथें फक्त धूर काढील. पुढील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या मोटारींत ही अडचण अधिक, कारण निघतांना गाडीचा भार मागें झुकतो व पुढचीं चाकें हलकीं होतात. अशा वेळीं पैसा दात्यांवर न घालतां टायरवर घालावा.

म्हणून आधीं आहे त्याच आंसावर गाडी धांवपट्टीवर न्यावी आणि रेषेवरील वेग, गिअर व एंजिनाचे फेरे टिपून ठेवावे. एंजिनांत सुधारणा केल्यानें अधिकांत अधिक शक्तीचा बिंदूही सरकलेला असतो. तो यंत्रावर मोजून घ्यावा. टायर बदलले तर गणित पुन्हां मांडावें, कारण चाकाचा व्यास शेंकडा ५ नें वाढविणें म्हणजे मागील प्रमाण जवळजवळ तितकेंच घटविणें होय.

शर्यतीसाठीं निवडलेलें प्रमाण रोजच्या प्रवासाला सोयीचें असतेंच असें नाहीं. सपाट रस्त्यावर तें एंजिनाला विनाकारण गरगर फिरवितें आणि पेट्रोलही अधिक पितें. आणि ही परीक्षा बंदिस्त धांवपट्टीवरच व्हावी. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवांचून शर्यत लावणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. शिवाय कुंभार्लीसारख्या घाटांत वळणापलीकडून कोण येत आहे, हें कोणत्याही गणितानें आधीं कळत नाहीं. दाते चुकले तर ते बदलतां येतात. तेथें झालेली चूक मात्र बदलतां येत नाहीं, आणि तिचें मोल बहुधा दुसऱ्याच कोणाला द्यावें लागतें.