उन्हाचे पीक आणि पाण्याची राखण

विद्यार्थी मित्रांनो, डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनास आपल्यापैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा गेले असतील. ते डाकोर खेडा जिल्ह्याच्या ज्या ठासरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात धुंडी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ना प्रसिद्ध मंदिर, ना मोठी बाजारपेठ. परंतु तेथील सहा शेतकऱ्यांनी जे करून दाखविले, ते आपण बडोदेकरांनी अवश्य समजून घ्यावे असे आहे.

विहिरीतील पाणी शेतात खेचण्यासाठी हे शेतकरी डिझेलवर चालणारे पंप वापरीत. डिझेल महाग, शिवाय त्याचा धूर आणि कर्कश आवाज. यावर उपाय म्हणून सौर पंपांची कल्पना पुढे आली. सूर्याचा प्रकाश सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर पडला, की त्यांतील इलेक्ट्रॉन गतिमान होतात आणि विद्युत्प्रवाह सुरू होतो. अशा अनेक चकत्या काचेखाली एकत्र जोडल्या, म्हणजे सौर तावदान तयार होते. त्यात कोणतेही इंधन जळत नाही. म्हणून एकदा संच बसविला, की वीज जवळजवळ फुकट मिळते.

परंतु या फुकटपणातच एक मोठा धोका दडलेला आहे. डिझेलचा पंप चालू असताना शेतकऱ्याचे लक्ष घड्याळाकडे असते. कारण प्रत्येक तासाला पैसे जळत असतात. सौर पंपाला ही चिंता नाही. ऊन आहे तोवर पंप चालू ठेवला, तरी खिशाला झळ पोहोचत नाही. मग गरज नसतानाही पाणी उपसले जाते आणि भूगर्भातील साठा खालावत जातो. जमिनीखालचे पाणी सर्व गावाचे. एकाने ते वाया घालविले, तर शेजाऱ्याची विहीरही कोरडी पडते. धूर थांबला, पण पाणी संपले, तर गावाने काय मिळविले?

या प्रश्नाचे उत्तर धुंडीने सहकारात शोधले. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने तेथे सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन झाली आणि २०१६ मध्ये तिचे काम सुरू झाले. सहा सभासदांच्या संचांची एकूण शक्ती सुमारे ५६ किलोवॉट होती. हे संच वीजवाहिनीला जोडण्यात आले. पंप बंद असेल तेव्हा तयार होणारी वीज मंडळीच्या मापकातून मध्य गुजरात वीज कंपनीकडे जाऊ लागली. कंपनीने दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे देण्याचा २५ वर्षांचा करार केला. त्याच्या मोबदल्यात सभासदांनी शेतीसाठी सवलतीच्या वीजजोडणीचा हक्क तेवढ्या काळापुरता सोडून दिला.

आता हिशेब पाहू. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो, असे धरू. आठ किलोवॉटच्या संचापासून ३२ युनिट मिळतील. पंप दिवसभर बंद ठेवला, तर वरील दराने सुमारे १४८ रुपये हाती येतील. म्हणजेच विनाकारण पंप चालविणाऱ्याचे तेवढे नुकसान! पूर्वी पाणी वाचविण्याचा केवळ उपदेश होत असे. आता ते वाचविण्यात लाभ दिसू लागला. मनुष्य उपदेश विसरतो, पण हिशेब सहसा विसरत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. या संचांच्या खर्चाचा फार मोठा भाग साहाय्यक संस्थेने उचलला होता. सामान्य शेतकऱ्यास तो भार एकट्याने पेलणारा नाही. म्हणूनच अशा कामी सरकारी योजना व सहकार यांची जोड लागते. गुजरात सरकारने २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजना सुरू केली, तिच्यातही शेतकऱ्याने शिल्लक वीज विकावी हेच सूत्र होते. खेडा जिल्ह्यास सहकार काही नवा नाही. १९४६ साली याच जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी आपला संघ उभारला होता. थेंबाथेंबाने दूध एकत्र करणाऱ्या भूमीत उन्हाचे कवडसे एकत्र करणारी मंडळी निघावी, हे स्वाभाविकच होय.

आपण शहरवासी यातून काय घ्यावे? आपल्याकडे शेत नाही, विहीर नाही; पण वीजमापक आणि गच्ची तर आहे. प्रथम बचतीचा विचार करू. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नव्या पद्धतीचा सुमारे ३० वॉट. रोज १२ तास आणि वर्षातून २०० दिवस पंखा चालला, तर एका पंख्यामागे १०८ युनिट वाचतात. शंभर घरांच्या सोसायटीत असे दोनशे पंखे बदलले, तर वर्षाला २१,६०० युनिटांची बचत होईल. इतकी वीज निर्माण करावयाची, तर सुमारे १५ किलोवॉटची तावदाने गच्चीवर बसवावी लागतील. म्हणून आधी बचत, मग निर्मिती, हाच क्रम शहाणपणाचा. गळक्या घागरीत कितीही पाणी ओतले, तरी ती भरत नाही.

बचत झाल्यावर गच्चीकडे वळावे. जिन्यातील दिवे व पाण्याचा पंप यांपुरता सामाईक संच सर्वांनी मिळून बसविता येतो. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यापासून नव्या वसाहतीपर्यंत कोठेही याचा आरंभ वहीपेन्सिलीने करता येईल. मित्रांनो, येत्या सुट्टीत आपल्या घरातील प्रत्येक दिव्याचे, पंख्याचे वॉट लिहून काढा, ते किती तास चालतात ते मांडा आणि ही वही वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. धुंडीच्या शेतकऱ्यांना ऊन नव्याने मिळाले नव्हते. ते तर पूर्वीही होतेच. त्यांनी फक्त त्याचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला. आपणही तेवढे तर खचित करू शकतो.