माळ्यावरचा ग्रामोफोन: वाजवायचा की जपायचा?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे गाळलेत.)

आजचा विषय आहे तुमच्या खिशातल्या फोनचा पणजोबा, म्हणजे चावीचा ग्रामोफोन. मला हमखास येणारा प्रश्न असा: “गावी माळ्यावर एक पेटी सापडलीय, तबकड्या पण आहेत. लावून बघू का?” माझं उत्तर एका शब्दाचं आहे: थांब. का, ते आज सांगतो.

मी मूळचा पेठचा. पेठ म्हटलं की ऑफिसातले पुणेकर विचारतात, “कोणती? सदाशिव की नारायण?” नाही बाबा, आंबेगाव तालुक्यातलं पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावर, खेड घाट ओलांडल्यावर, मंचरच्या अलीकडे. तिथल्या आमच्या जुन्या घरात एक पोर्टेबल ग्रामोफोन आणि पंचवीसेक तबकड्या आहेत. सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो आणि गावी गेलो की रविवारी हे मशीन खोलून बसतो.

विजेशिवाय आवाज कसा?

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बनवला, त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. १८८७ मध्ये बर्लिनरने सपाट तबकडी आणली, तो ग्रामोफोन. आपल्याकडच्या घरांत सापडतो तो जवळजवळ नेहमी हा दुसरा प्रकार, मग घरचे त्याला ‘फोनो’ म्हणत असले तरी.

तबकडीवरची रेघ नागमोडी असते. तिच्यातून पिन फिरते आणि थरथरते. ती थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्यापर्यंत जाते. पडदा हवा हलवतो आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवतो. पोर्टेबल मशीनमध्ये कर्णा नसतो असं वाटतं, पण तो पेटीच्या आत दुमडलेला असतो. बॅटरी नाही, ॲम्प्लिफायर नाही. सगळी ताकद पिन आणि रेघेच्या घासण्यातून येते, आणि खरी अडचणही तिथेच आहे.

पिन तबकडी खाते

७८ आरपीएमची तबकडी प्लॅस्टिकची नसते. ती लाखेची असते, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ही पूड मुद्दाम घातलेली. पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनचं टोक घासून रेघेच्या मापाचं करते. पण एक बाजू संपेपर्यंत, म्हणजे तीनेक मिनिटांत, तेच टोक झिजून पटाशीसारखं धारदार होतं. त्यावर साउंडबॉक्सचं वजन असतं शंभर ग्रॅमच्या पुढे. आजच्या चांगल्या टर्नटेबलची सुई दोनेक ग्रॅमनेच टेकते, यावरून अंदाज घ्या.

म्हणून नियम साधा: एक बाजू, एक नवी स्टीलची पिन. वापरलेली पिन सरळ डब्यात टाका. आमच्या काही तबकड्यांवर राखाडी पट्टे दिसतात. ती धूळ नाही. एकच पिन पुरवून पुरवून वापरल्याने रेघच खरवडली गेली आहे. तिथे गाणं नाही, फक्त खरखर आहे. हा डेटा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आणि प्लीज, एलपी या मशीनवर चुकूनही लावू नका. विनाइलचा एका फेरीत चुरा होतो.

एवढं काय जपायचं त्यात?

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला. तिथे गौहर जान गायल्या. तेव्हा तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. पुढे कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि १९६० च्या दशकापर्यंत लाखेच्या तबकड्या आपल्याकडे निघत राहिल्या.

आता आपल्याकडचं बघा. अल्लादिया खाँ १९४६ साली गेले. जयपूर-अत्रौली घराण्याचा एवढा मोठा गवई, पण त्यांचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचा आवाज कसा होता हे आपण फक्त वाचू शकतो. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ साली गेले, वय अवघं ४१. पण त्यांनी तबकड्या दिल्या होत्या, म्हणून आज त्यांची तान ऐकता येते. एक तबकडी असणं आणि नसणं, यातला फरक एवढा मोठा आहे.

अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं गाणं तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून अवकाशात गेलं. नासाने त्या तबकडीसोबत सुईसुद्धा पाठवली, आणि ती कशी वाजवायची हे आकृती काढून दिलं. कारण वाजवणारं साधन नसेल तर तबकडी मुकीच.

मशीन हातात घेतलंत, तर हा क्रम

पहिलं, चावी भरू नका. आतलं ग्रीस वर्षानुवर्षांत गोठून डिंकासारखं झालेलं असतं. मग स्प्रिंग अडकत अडकत सुटते आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. मोटर खोलायची असेल तर आधी स्प्रिंग पूर्ण उतरलेली असली पाहिजे. स्प्रिंगचा डबा मात्र स्वतः उघडू नका. ती पोलादी पट्टी सुटली तर हात कापते. ते काम जाणकाराकडेच द्या.

दुसरं, गव्हर्नर. तीन छोटी वजनं गरगर फिरून वेग एकसारखा ठेवतात. त्याला साफसफाई आणि थेंबभर तेल पुरतं.

तिसरं, साउंडबॉक्स. पडद्याभोवतीचं रबर दगडासारखं कडक झालं असेल तर आवाज पत्र्यासारखा येतो. मऊ सिलिकॉनच्या बारीक नळीने ते बदलता येतं.

चौथं, वेग. तबकडीखाली कागदाची पट्टी ठेवा, मोबाइलवर एक मिनिट व्हिडिओ काढा आणि फेऱ्या मोजा. ७८ हव्यात. सुमारे ८३ भरल्या तर गाणं अख्खा एक सूर, म्हणजे पेटीवरची एक पट्टी, वर चढलेलं असतं. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो!

तबकडी पुसायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात नको. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. थंड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं. ठेवायच्या उभ्या, उन्हापासून लांब.

चकचकीत पितळी कर्णा दिसला की सावध

मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, मोठा पितळी कर्णा आणि कुत्र्याचं नवंकोरं स्टिकर लावलेली मशिनं दिसतात. त्यातली बरीच आजकाल जुळवलेली असतात: पोर्टेबलची काढलेली मोटर, नवी पेटी, नवा कर्णा. दिवाणखान्यात शोभतात, पण टोनआर्म तिरका बसवलेला असल्याने पिन रेघेच्या भिंतीवर घासते. गंमत बघा, ते खपवण्यासाठी खरी पोर्टेबल मशिनं मोडली जातात. तेव्हा माळ्यावरची साधी काळी पेटी कमी लेखू नका.

मग वाजवायचं की नाही?

माझ्या आजीला फोनवर जुनं गाणं ऐकवलं तर ती म्हणाली, “हे रेडिओसारखं आहे रे. आपलं नाही.” तिला पेटीचाच आवाज हवा होता, आणि तो हक्क तिचा आहे. म्हणून मी तबकड्यांचे दोन गठ्ठे केले. ज्यांचं गाणं सहज मिळतं, त्या आजीच्या. नवी पिन लावून खुशाल वाजवायच्या. जी गाणी कुठेच सापडत नाहीत, ती ग्रामोफोनवर लावायची नाहीत. ती ७८ ची वेगळी, जाड टोकाची सुई असलेल्या इलेक्ट्रिक टर्नटेबलवर एकदा वाजवून वेव्ह फाइलमध्ये घ्यायची. आजीला दुसरा गठ्ठा पटलेला नाही, अजून वाद चालू आहे.

दुर्मीळ काय हे कसं कळणार? लेबलवरचा नंबर आणि लेबलजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला नंबर, दोन्हींचे फोटो काढा. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. सुरेश चांदवणकर आणि इतर संग्राहकांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या नियतकालिकात वर्षानुवर्षं अशा तबकड्यांची माहिती जमवलीय. आधी तिथे शोधा.

तर मंडळी, यंदा गावी गेलात की माळा बघा. पेटी सापडली तर चावीला हात लावण्याआधी लेबलचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे कोण ऐकायचं, कधी लागायचं. ते मात्र आजच रेकॉर्ड करा, त्याला पिन लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!