गिलाव्याआधीच आखा घरातील नेटवर्क

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की घरात चर्चा रंगते ती फरशीच्या रंगाची, ओट्याच्या ग्रॅनाइटची आणि फर्निचरची. इंटरनेटचा विषय निघतो तो सामान लागल्यानंतर. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस वायरचे भेंडोळे घेऊन दारात उभा राहतो, 'पेटी कुठे बसवू?' असे विचारतो आणि घरातील मंडळी सवयीने दिवाणखान्यातील टीव्हीकडे बोट दाखवतात. या एका उत्तरावर पुढील अनेक वर्षे त्या घरातील इंटरनेटचा दर्जा अवलंबून राहतो. आतल्या खोलीत ऑफिसची बैठक अडखळू लागली, मुलांचा ऑनलाइन वर्ग तुटू लागला की दोष कंपनीला दिला जातो, महागडी योजना घेतली जाते. प्रत्यक्षात कंपनीचा वेग दारापर्यंत व्यवस्थित आलेला असतो. तो अडतो घरातल्याच भिंतीत.

गैरसमजाचे मूळ 'वायरलेस' या शब्दात आहे. वाय-फाय वायरविना असते ते केवळ शेवटच्या काही फुटांपुरते. इमारतीच्या डक्टमधून येणारी फायबरची बारीक तार, तिच्या टोकाला असलेली ओएनटी ही पेटी आणि तिथून राउटर, इथपर्यंतचा सारा मार्ग तारेचाच असतो. ही तार घरात जितकी आतपर्यंत नेता येईल, तितका हवेतील प्रवास कमी आणि तितके वाय-फाय चांगले.

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार जातात. परंतु त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. एका मजल्यावर सहा सदनिका असलेल्या इमारतीत मोबाइलवर शेजाऱ्यांच्या नेटवर्कची यादी उघडून पाहिली, तर या तीन वाहिन्यांवर किती गर्दी आहे ते लगेच कळते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. तिथे जागा ऐसपैस आणि वेगही अधिक. मात्र भिंत आडवी आली की या लहरी लवकर क्षीण होतात. विटांच्या एका पातळ भिंतीतून त्या निभावून नेतात. दोन काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा मध्ये आला की फारसे काही उरत नाही.

मुंबई-ठाणे-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. तेथे अनेक ठिकाणी बांधकाम 'मायवान' पद्धतीने होते. अॅल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्ये एकत्र ओतले जातात. अशा घरात आतल्या भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. त्या लहरींना अडवतात आणि त्यांना नंतर खाच पाडणेही योग्य नसते, कारण बहुतेक भिंती इमारतीचा भार वाहणाऱ्या असतात. वायरींचे पाइप काँक्रीट ओतण्यापूर्वी जिथे टाकले, तिथेच ते कायमचे राहतात. म्हणून अशी सदनिका आरक्षित करणाऱ्यांनी बिल्डरकडून विजेच्या आराखड्याबरोबर टीव्ही, टेलिफोन आणि डेटाच्या पाइपांचा आराखडाही मागून घ्यावा. बांधकाम त्या मजल्यावर पोहोचायचे असेल तर बदल सुचवता येतो. नंतर पैसे मोजूनही येत नाही.

विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतील तर संधी अजून हातात असते. पण तीही गिलावा, पीओपी आणि रंग होईपर्यंतच. वायरमन विजेसाठी खाचा पाडत असतो, त्याच वेळी नेटवर्कसाठी स्वतंत्र पाइप टाकून घ्यावेत. 'एकाच पाइपातून सगळे नेतो' असे तो म्हणेल. ते ऐकू नये. विजेच्या तारेच्या सान्निध्यात डेटाच्या तारेला उपद्रव होतो आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते धोक्याचे आहे. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर निदान काही इंचांचे अंतर ठेवावे आणि एकमेकांना छेदायचे असतील तर काटकोनात छेदू द्यावेत. पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा, वळणे गोलाकार ठेवावीत आणि आत एक मोकळी दोरी सोडून ठेवावी. खरे तर तारेपेक्षा पाइप महत्त्वाचा. तार दहा वर्षांनी जुनी होईल. पाइप मोकळा असेल तर त्याच दोरीने नवी ओढता येईल.

दोन बेडरूमच्या साधारण सदनिकेत किती तारा लागतील? आमच्या मते टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या किंवा कामाच्या टेबलाजवळ दोन, दुसऱ्या बेडरूममध्ये एक आणि खोल्यांना जोडणाऱ्या पॅसेजच्या छतात एक, अशा सहा तारा पुरेशा ठरतात. यांतील छताची तार सर्वांत मोलाची. तिच्या टोकाला वाय-फायचा एक अॅक्सेस पॉइंट बसवला की तो जवळपास सर्व खोल्यांच्या मध्यावर येतो. त्याला वीजही त्याच तारेतून देता येते, त्यामुळे वर प्लग लागत नाही. या साऱ्या तारा एका ठिकाणी एकत्र याव्यात. मुख्य दाराजवळचा पोटमाळा किंवा हवेशीर कपाट त्यासाठी योग्य. फायबर बहुधा तिथूनच आत येते. तिथे विजेचे तीन-चार प्लग हवेत, हेही वायरमनला आधीच सांगावे लागते. अॅक्सेस पॉइंट वेगळा असल्यामुळे ओएनटी आणि स्विच दृष्टीआड गेले तरी बिघडत नाही. वाय-फाय देणारा राउटर मात्र टीव्हीच्या बंद कपाटात किंवा चपलांच्या लोखंडी स्टँडमागे कोंबू नये. इंटिरिअर डेकोरेटर मंडळींना तो मोह फार असतो.

तार 'कॅट ६' प्रतीची घ्यावी. एक गिगाबिटचा वेग ती शंभर मीटरपर्यंत नेते, घरात एवढे अंतर कुठेच नसते. दहा गिगाबिटसाठीही सुमारे ५५ मीटरपर्यंत ती चालते. बाजारात त्याच नावाने तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त तार मिळते. वेष्टनावर 'सीसीए' असे असेल तर ती टाळावी. टोक सुरीने खरवडले आणि आत चंदेरी रंग दिसला तर ओळख पटलीच. आणखी एक चूक नेहमी आढळते. या तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. पूर्वीच्या सवयीने काही जण त्यांतील दोनच जोड्या जोडतात. इंटरनेट चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण वेग १०० मेगाबिटच्या पुढे जात नाही, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. लॅपटॉप तारेने जोडून जोडणीचा वेग पाहावा. तिथे १०० दिसले तर सॉकेट उघडायला लावावे. ही तपासणी पीओपी बंद होण्यापूर्वी आणि वायरमनचे पूर्ण पैसे देण्यापूर्वी करणे श्रेयस्कर.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना भिंत फोडण्याची मुभा नसते. त्यांनी प्रथम जुने पाइप शोधावेत. अनेक इमारतींत केबल टीव्ही किंवा लँडलाइनसाठी बेडरूमपर्यंत पाइप गेलेले असतात आणि आतली तार वर्षानुवर्षे निकामी पडून असते. घरमालकाला विचारून, तिच्याच टोकाला नवी तार बांधून अलगद ओढली तर अनेकदा अर्ध्या तासात काम होते. ते शक्य नसेल तर भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीलगत चपटी तार न्यावी. 'मेश' संच हा त्यानंतरचा पर्याय. त्यातील दुसरी पेटी जिथे वाय-फाय पोहोचत नाही तिथे नव्हे, तर जिथे अजून चांगले पोहोचते तिथे ठेवायची असते. ती हवेतूनच डेटा उचलते आणि हवेतूनच पुढे देते, त्यामुळे वेगात घट होते. दोन पेट्या तारेने जोडल्या तर ही घट टळते.

स्थलांतराच्या निदान पंधरा दिवस आधी नव्या इमारतीत कोणत्या कंपनीचे फायबर पोहोचले आहे, ते सोसायटीच्या कार्यालयात विचारावे. जुन्या कंपनीची सेवा तिथे नसेल तर ओएनटी परत करून पावती घ्यावी, अन्यथा अनामत रक्कम अडकते. घर विकत घेणाऱ्यांना आणखी एक आधार मिळू शकेल. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याची नियमावली आणली. ते ऐच्छिक आहे. तरीही बिल्डरला त्याविषयी प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

वीज गेली की फोन चार्ज असला तरी वाय-फाय बंद पडते, म्हणून ओएनटी आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे एखादी तसबीर टांगायला खिळा ठोकताना पाइप नेमका कुठून गेला आहे, हे त्या फोटोंवरूनच कळेल.