घळीकडे जाणारी वाट

नदीने कातळ कापून तयार केलेली घळ पाहणाऱ्याला रमणीय वाटते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या गटाला ती लागून असते त्याच्या हिशेबी ती पोटखराब्यात जमा असते. तेथे नांगर चालत नाही, माती ठरत नाही, आणि एखाद्या मोठ्या पुरात काठ ढासळून आणखी चार हात जमीन नदीत जाते. पुढे केव्हातरी बाहेरगावच्या लोकांना त्या जागेचा शोध लागतो. प्रथम चारदोन विद्यार्थी येतात, मग सुटीच्या दिवशी मोटारी येऊ लागतात, आणि घळीपर्यंत पोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग उभ्या पिकातून जातो असे आढळून येते. अडवावे तर तंटा होतो, न अडवावे तर पायवाट पडते. एकदा मळलेली पायवाट पुन्हा पिकाखाली आणणे किती कठीण असते, हे कोणाही खातेदारास सांगावयास नको.

या प्रश्नाची एक जुनी व पुष्कळ अंशी यशस्वी अशी सोडवणूक इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात पाहावयास मिळते. इंग्लबरो नावाच्या ७२३ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी इंगलटन हे गाव आहे. ट्विस आणि डो या दोन लहान नद्या डोंगरावरून उतरून या गावात एकमेकींस मिळतात व तेथून पुढे ग्रेटा या नावाने वाहतात. दगडाच्या खाणी, थोडा कोळसा आणि मेंढपाळी यांवर हे गाव पूर्वी जगत असे. १८४९ साली तेथे आगगाडी आली. गावाच्या वर, अगदी जवळ, दोन्ही नद्यांनी खोल घळी कोरल्या असून त्यांत एकामागून एक धबधबे आहेत. तथापि झाडोरा आणि निसरडे कडे यांमुळे तेथपर्यंत पोचणे अवघड होते. गावच्या मंडळींनी पुढाकार घेऊन दोन्ही घळींतून पायवाट खोदविली, ओढ्यांवर लाकडी पूल टाकले, आणि १८८५ साली ती वाट लोकांस खुली केली. काही वर्षांतच सुटीच्या दिवशी आगगाडीने हजारोंनी लोक तेथे उतरू लागले. प्रवाशांची आगगाडी १९५४ साली बंद झाली. वाट मात्र चालू आहे. ती आजही खाजगी जमिनीवरून जाते व तिकीट घेऊन आत प्रवेश दिला जातो.

ही फेरी सुमारे सात किलोमीटरांची असून सावकाश चालणाऱ्यास तीन-चार तास लागतात. प्रथम ट्विस नदीच्या काठाने वर चढावयाचे असते. आरंभीची स्विला घळ चुनखडकाची आहे; दोन्ही बाजूंस ओक वृक्षांची दाट राई, खाली नेचे व शेवाळ, आणि मधून तांबूस झाक असलेले पाणी. वरच्या डोंगरावर पीट नावाची कुजलेल्या वनस्पतींची काळी माती असते, तिचा अर्क पाण्यात उतरून हा रंग येतो; पाणी घाण असते असे नव्हे. वाटेत पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांत लोकांनी असंख्य नाणी ठोकून बसविलेली दिसतात. नवसाची ही रीत पाहून आपल्याकडील कोणाही यात्रेकरूस परके वाटण्याचे कारण नाही.

पुढे पेका नावाच्या धबधब्यांपाशी खडक एकाएकी बदलतो. येथून क्रेव्हन नावाचा मोठा भूभंग गेलेला आहे. त्याच्या पलीकडे चुनखडकाऐवजी जुने कठीण थर लागतात व नदी त्यांवरून पायरीपायरीने उड्या घेत येते. याहून वर थॉर्नटन फोर्स हा सुमारे १४ मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याच्या कड्यात दोन निराळ्या काळांचे खडक एकावर एक स्पष्ट दिसतात. खालचे थर उभे कललेले व झिजून सपाट झालेले आहेत. त्यांच्या डोक्यावर चुनखडकाचे आडवे थर बसलेले आहेत. खालचा खडक तयार होऊन, वर उचलला जाऊन, झिजून गेला, आणि मग त्यावर समुद्र येऊन नवा खडक साचला. या दोन घटनांमध्ये दहा कोटींहून अधिक वर्षे गेली. जमीन कशी घडते व कशी झिजते, हे एका हाताच्या अंतरात दाखविणारी अशी जागा विरळाच म्हणावी लागेल. भूशास्त्राच्या दृष्टीने या घळींस सरकारी संरक्षणही देण्यात आले आहे.

थॉर्नटन फोर्सच्या पुढे वाट घळीबाहेर निघून उघड्या माळावर येते. येथे मेंढ्यांची कुरणे लागतात. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून उभारलेल्या गडग्यांनी ती विभागलेली आहेत. हा माळ ओलांडून वाट डो नदीच्या घळीत उतरते. बीझ्लीचे धबधबे, बॅक्सनघिल ही अतिशय अरुंद व खोल चिंचोळी आणि स्नो धबधबा ही स्थळे पाहत प्रवासी पुन्हा गावात येतो.

येथवर वर्णन झाले ते शोभेचे. शेतकऱ्यास त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इतके लोक येऊनही कुरणे कुरणेच राहिली आहेत. याचे पहिले कारण वाटेची आखणी हे होय. वाट एकच असून ती पायऱ्या, कठडे व फाटके यांनी बांधून टाकलेली आहे, आणि सर्वांनी एकाच दिशेने, म्हणजे ट्विसच्या काठाने चढून डोच्या काठाने उतरावे असा प्रघात आहे. माणूस आडवाटेस जातो तो बहुधा पुढचा रस्ता दिसत नाही किंवा चिखल टाळावयाचा असतो म्हणून. वाट पक्की, कोरडी व स्पष्ट असेल तर शंभरांतील पंचाण्णव माणसे ती सोडीत नाहीत; उरलेल्या पाचांसाठी गडगा असतो.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. इंग्लंडात फिरावयास निघालेला माणूस पुष्कळदा कुत्रे बरोबर घेतो. वसंतात मेंढ्या विण्याच्या बेतात असतात; अशा वेळी मोकळे कुत्रे नुसते मागे लागले तरी गाभण मेंढी गाभडते. १९५३ साली तेथे खास कायदा करून शेतजमिनीवर जनावरांच्या पाठीस लागणाऱ्या कुत्र्याच्या मालकास शिक्षापात्र ठरविण्यात आले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५१ मध्ये, फाटक उघडले तर लावावे, पिकातून चालू नये, कचरा मागे ठेवू नये, अशा साध्या नियमांची एक संहिता प्रसिद्ध करण्यात आली होती. आपल्याकडे कुत्र्याची जागा उघड्या राहिलेल्या फाटकाने व प्लॅस्टिकने घेतली आहे. पिशवीसकट उष्टे खाणारी गाय शेतकऱ्याचीच असते.

परंतु या साऱ्या व्यवस्थेचा पाया कायद्यात आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. इंग्लंडात एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे अखंडपणे, उघडपणे व कोणाचीही परवानगी न घेता हक्काने गेले, तर ती वाट सार्वजनिक झाली असे मानण्यात येते. १९३२ सालच्या कायद्याने हे तत्त्व निश्चित केले व १९८० च्या महामार्ग कायद्यात ते कायम आहे. जमीनमालकाने आपला तसा हेतू नाही हे वेळीच जाहीर केले तर मात्र हक्क निर्माण होत नाही. याकरिता तो फलक लावू शकतो किंवा स्थानिक मंडळाकडे नकाशासह निवेदन दाखल करू शकतो. वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवण्याचीही जुनी चाल आहे. जो तिकीट घेऊन आत येतो तो परवानगीने येतो, हक्काने नव्हे. म्हणजे इंगलटनच्या तिकिटाने पूल दुरुस्तीचे पैसे तर मिळतातच, शिवाय जमिनीवरील मालकीही दररोज नव्याने सांगितली जाते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्लंडात भरती-ओहोटी न पोचणाऱ्या नदीचे पात्र सामान्यतः काठच्या मालकांचे असते. प्रत्येकाची हद्द प्रवाहाच्या मध्यापर्यंत जाते. सबब तेथे संपूर्ण घळ खाजगी असू शकते. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये नद्या, ओढे व नाले यांची पात्रे व वाहते पाणी, ते दुसऱ्या कोणाच्या मालकीचे असल्याचे सिद्ध झाले नसेल तर, राज्य शासनाचे असते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे हे याचे सुपरिचित उदाहरण घेता येईल. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगर फिरून हे रांजण कोरतात. काठावर मळगंगा देवीचे मंदिर असल्याने तेथे येजा जुनीच आहे. अशा ठिकाणी पात्र पाहण्याचा अधिकार कोणी कोणास नाकारू शकत नाही. परंतु पात्र शासनाचे असले तरी त्यालगतचे गट शेतकऱ्यांचे असू शकतात, आणि सार्वजनिक रस्ता सोडून गटातून उतरणाऱ्यास तसा अधिकार आपोआप मिळत नाही. घळ पाहणे व शेतातून जाणे या दोन बाबी निराळ्या आहेत.

वीस वर्षांचा नियम आपल्याकडेही आहे, कारण तो मूळ इंग्लंडातूनच आला. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा असून मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षांच्या उघड, शांततेच्या व अखंड वहिवाटीने वाटेचा हक्क पक्का होतो. हा हक्क जमिनीस जमिनीवर मिळतो. तेव्हा पुण्यामुंबईहून एक दिवस येणाऱ्या प्रवाशास तो या मार्गाने मिळावयाचा नाही. पलीकडच्या गटाच्या खातेदारास मात्र तो मिळू शकतो, आणि रूढीने गावासही मिळू शकतो. देवळाची, पाणवठ्याची वा स्मशानाची वाट असेल तर ती आधीपासूनचीच असते. अशी वाट नव्या पर्यटकांच्या रागाने काटेरी तार ओढून बंद करणे हिताचे नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा आला तर तहसीलदार तो अडथळा काढावयास लावू शकतात, आणि भांडण पर्यटकांशी न होता गावाशी होऊन बसते.

याउलट, जी वाट केवळ पाहुण्यांसाठी आहे ती परवानगीची आहे हे लेखी असावे. अशी परवानगी साधारणतः केव्हाही मागे घेता येते. येथे एक खाचखळगा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे, परवानगी घेणाऱ्याने तिच्या भरवशावर स्वखर्चाने कायमचे बांधकाम केले, तर ती परवानगी मागे घेण्याचा अधिकार मालकास उरत नाही. सबब चहाचे दुकान घालावयास किंवा पायऱ्या बांधावयास कोणी पुढे आला, तर तो खर्च शक्यतो शेतकऱ्याने वा गावाने स्वतः करावा; निदान विटेचे व सिमेंटचे काम तोंडी बोलीवर होऊ देऊ नये.

प्रथम सातबारावरील पोटखराब्याचा वर्ग पाहावा. वर्ग अ म्हणजे मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरलेली जमीन. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, अथवा मान्य पायवाट, रस्ता किंवा पिण्याच्या पाण्याचा ओढा यांखाली गेलेली जमीन. घळीकडील पट्टा वर्ग ब मध्ये असेल तर तेथे फाटक घालण्याचा विचारच सोडून द्यावा. वर्ग अ मध्ये असेल तर नवी वाट त्याच पट्ट्यातून काढावी. हद्दीविषयी शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मगच खुणा रोवाव्यात. शेजाऱ्याच्या बांधावर पडलेली वाट हा नव्या तंट्याचा आरंभ होय.

वाटेची जागा हंगाम पाहून ठरवावी लागते. रांजणखळगे पुराच्या पाण्याखाली असताना दिसतच नाहीत. लोक येतात ते पाणी उतरल्यावर, म्हणजे रब्बीची ज्वारी व कांदा रानात उभा असताना. धबधब्याचे ठिकाण असेल तर गर्दी भर पावसाळ्यात होते, आणि तेव्हा ओल्या काळ्या रानात पडलेले पाऊल माती दाबून घट्ट करते. अशा पट्टीत पुढील पेरणीचे बी नीट उगवत नाही. दोन्ही प्रकारांत वाट बांधालगत, मुरूम टाकून व पाण्यास निचरा देऊन करावी. मोटारी शेतात उभ्या करून त्याबद्दल पैसे घ्यावयाचे असतील तर तो बिगरशेती वापर ठरतो किंवा कसे, याची तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी. राज्याच्या २०२० सालच्या कृषि पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्यास आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदविता येते.

राहिला धोका. रांजणाचे तोंड पुष्कळदा अरुंद, पोट रुंद व बाजू गुळगुळीत असते. आत पडलेल्यास पोहता येत असले तरी वर येण्यास धरावयास काही सापडत नाही. वरच्या अंगास धरण असल्यास आवर्तन सुटताच, आकाश निरभ्र असतानाही, पात्रातील पाणी चढते. आवर्तनाची तारीख पाटबंधारे शाखेकडून आगाऊ मिळू शकते. ती वाटेच्या तोंडाशी फळ्यावर खडूने लिहावी, आणि जवळच एक लांब दोर व हवा भरलेली जुनी ट्यूब टांगून ठेवावी.