पाण्याचें चाक व शेताचें पाणी

जात्यास हाताखेरीज दुसरी शक्ति जोडण्याच्या जुन्या मार्गांपैकीं दोन : वारा आणि वाहतें पाणी. इराणांत नश्तीफान येथें उभ्या कण्याच्या पवनचक्क्या प्रसिद्ध आहेत. परंतु वाऱ्याचा वेग निम्मा झाला कीं त्याची शक्ति आठव्या हिश्श्यावर येते; शिवाय वारा सांठवितां येत नाहीं. पाणी सांठवितां येतें, हा त्याचा मोठा गुण होय.

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची मोगलकालीन पाणचक्की या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. डोंगरांतील झऱ्याचें पाणी जमिनीखालील मातीच्या नळांनीं आणून उंच भिंतींत चढविलेलें आहे. त्याच्या बळावर पात्यांचें आडवें चाक फिरे. चाकाचा उभा कणा थेट वरच्या तळीस जोडलेला असल्यानें दांत्यांचीं चक्रें लागत नसत. दर्ग्यांत उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंचें दळण येथें होई.

हेंच तत्त्व आमच्या तालुक्यांत फार मोठ्या प्रमाणावर आलें. टाटा कंपनीनें लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं आणून १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू केलें. पाणी पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून उतरून पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतें. १ घनमीटर पाणी ५०० मीटर खालीं आल्यास, यंत्रांतील घट वजा जातां, सुमारें १ युनिट वीज मिळते. ही वीज प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांस गेली.

चाक फिरविल्यानें पाणी मात्र खर्ची पडत नाहीं. १९२२ सालीं सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजघराचें सुटलेलें पाणी राजनाल्यानें कर्जतच्या शिवारांत येतें व त्यावर उन्हाळी भात पिकतें. अडचण आहे ती वेळेची. वीजघर शहराच्या मागणीप्रमाणें चालतें. भात आपल्या वाढीप्रमाणें पाणी मागतें. पोटरीच्या वेळीं ओढ बसली तर दाणा पोंचट राहतो.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी कीं, रोपें टाकण्यापूर्वींच गांवोगांव एकत्र बसून पाटाची साफसफाई करावी, पाळ्या ठरवाव्या, आणि पाणी सोडण्याचें वेळापत्रक पाटबंधारे खात्याकडून आगाऊ मागून घ्यावें. एकट्याची मागणी मागें पडते. साऱ्या शिवाराची मागणी विचारांत घ्यावीच लागते.